वापरात असलेली फाइल

१

सकाळी चहाच्या वेळेला ताईच्या कॉम्प्युटरने आवाज काढला. टक्, टक्. थोडं थांबून पुन्हा टक्. कुणी नखाने भिंत ठोकावी तसा.

ताईचे कान तिखट. धंदाच कानांचा होता तिचा. सभा, मुलाखती, डॉक्टरांनी फोनवर बोलून ठेवलेले अहवाल, असली रेकॉर्डिंग्ज तिच्याकडे यायची आणि हेडफोन लावून ती सगळं शब्दशः टाइप करून द्यायची. कोण खोकलं, कुणी कागद उलटला, कोण बोलताबोलता हुंदका गिळतंय, सगळं तिला ऐकू यायचं. हा आवाज यंत्राच्या पोटातला आहे हे तिने कप खाली ठेवायच्या आत ओळखलं.

कॉम्प्युटरवाला दुपारी आला. जाडजूड, बडबड्या, पिशवीत स्क्रूड्रायव्हरपेक्षा बिस्किटं जास्त. जमिनीवर मांडी घालून त्याने डब्याला कान लावला आणि मान हलवली.

"डिस्क म्हातारी झालीय, ताई. आज आहे, उद्या नाही. माणसासारखंच."

बोलला आणि लगेच जीभ चावली. कारण तो बसला होता ती अण्णांची खोली होती.

अण्णा म्हणजे ताईचे वडील. शेवटची बरीच वर्षं ते अंथरुणाला खिळून होते. ताईने आपलं टेबल, कॉम्प्युटर, खुर्ची, सगळं त्यांच्याच खोलीत आणून मांडलं होतं. एक डोळा कामावर, एक अण्णांवर. ती पाठमोरी बसून टाइप करायची आणि मागच्या पलंगावरून हाक यायची, "आहेस का गं?" मान न वळवता, बोटं न थांबवता ती म्हणायची, "आहे." दुपारभर हेच चालायचं. त्यांना काही हवं असायचं असं नाही. ती आहे एवढंच हवं असायचं.

आता अण्णा नव्हते. वर-खाली होणारा तो भाड्याचा पलंग ज्याचा त्याला परत गेला होता. घर विकलं होतं. रविवारी धाकटा भाऊ गाडी घेऊन येणार होता आणि ताई त्याच्या गावी, त्याच्या घरी कायमची राहायला जाणार होती. भावाला टक्कल पडलं होतं तरी ताईच्या लेखी तो छोटूच. छोटूने तिच्यासाठी एक खोली रंगवून ठेवली होती. पडदे कुठल्या रंगाचे हवेत म्हणून विचारलं, तर ताईला उत्तर द्यायला दोन दिवस लागले. तिला हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं.

"तेव्हा सगळ्याची कॉपी काढून ठेवायची," कॉम्प्युटरवाला सांगत होता. "एक तर ही खिशात मावणारी डिस्क घ्या. नाहीतर इंटरनेटवरच्या गोदामात टाका, महिन्याचं भाडं भरा. आणि मी म्हणेन दोन्ही करा. एक कॉपी घरात, एक घराबाहेर. घराला आग लागली तर दोन्ही कॉप्या एकाच कपाटात असून उपयोग काय? दोघी बहिणी एकाच विहिरीत!"

तो स्वतःच खो खो हसला. ताईही हसली. बाहेरची कॉपी छोटूकडे पाठवायची, असंही तेव्हाच ठरलं.

२

तिने खिशातली डिस्क घेतली. वायर जोडली, सगळं निवडलं, ‘कॉपी’ दाबलं आणि स्वयंपाकघरात भांडी गुंडाळायला गेली.

परत आली तेव्हा पट्टी शेवटाला येऊन अडली होती. कामाच्या फाइली गेल्या होत्या. आईचे जुने फोटो गेले होते. एका फाइलपाशी गाडी थांबली होती.

‘ही फाइल सध्या वापरात आहे. ती बंद करून पुन्हा प्रयत्न करा.’

फाइलचं नाव होतं ‘श्वास’. झोपेत अण्णांचा श्वास अडकतो का ते डॉक्टरांना ऐकायचं होतं, म्हणून ताईने एका दुपारी उशाशी माइक ठेवून ते रेकॉर्ड केलं होतं. अण्णांचा आवाज असलेली तेवढी एकच फाइल तिच्याकडे होती. म्हणजे आवाज तरी कसला, नुसता श्वास.

तिने जे जे उघडं होतं ते बंद केलं. पुन्हा दाबलं. तेच. कॉम्प्युटर बंद करून सुरू केला. तेच.

"कुठला तरी प्रोग्राम धरून बसला असेल," कॉम्प्युटरवाला फोनवर म्हणाला. तोंडात बहुधा बिस्किट होतं. "तिथे खाली ‘वगळा’ म्हणून बटण आहे ना? ते दाबा आणि मोकळ्या व्हा."

ताईने बाण ‘वगळा’वर नेला. बोट खाली दाबेना. जिवंत असताना एकदाही वगळलं नाही, आता काय वगळायचं, असं काहीतरी तिच्या मनात आलं. तिने पडद्यावरची ती खिडकी बंद केली आणि जेवायला गेली.

३

दुसऱ्या दिवशी तिने इंटरनेटचं गोदाम घेतलं. पहिला महिना फुकट होता. सगळं भराभर वर जाऊ लागलं. टक्क्यांचा आकडा वाढत वाढत नव्याण्णवापर्यंत गेला आणि ती बघत असतानाच अठ्ठ्याण्णव झाला.

ताई खुर्चीत सरसावून बसली. नव्याण्णव. सत्त्याण्णव. पुन्हा नव्याण्णव. भरत्या हौदातून कुणीतरी मगाने पाणी काढावं तसं. नाहीतर, तिच्या मनात आलं, हौदच मोठा होत जावा तसं.

तिने ‘श्वास’ची लांबी बघितली. एका दुपारच्या झोपेएवढी असायला हवी होती. तिथे दिसत होते महिने. आणि शेवटचा सेकंदांचा आकडा सरकत होता.

तर असं आहे, तिने स्वतःला समजावलं, त्या दिवशी मी रेकॉर्डिंग थांबवायलाच विसरले. तेव्हापासून ते चालूच आहे. म्हणून ‘वापरात’. इतकं साधं. सुटका झाल्यासारखी ती मोठ्याने हसली. रिकाम्या खोलीत तिचं हसू नको तेवढं मोठं झालं.

मग वाकून तिने कॉम्प्युटरला माइकची वायर खोचायच्या जागी हात घातला. तिथे नुसतं भोक होतं, आत धूळ. माइक तिनेच काढून जुन्या कपड्यांच्या खोक्यात टाकला होता. ते खोकं दाराशी होतं, चिकटपट्टी लावलेलं. तिने नखांनी पट्टी फाडली. माइक होता. वायर गुंडाळलेली, तिच्याच हाताची गाठ मारलेली.

४

तरी ती लगेच ऐकायला बसली नाही. आधी धुतलेले कपडे घड्या घालून ठेवले. खिडकी पुसली. खोलीला एकच खिडकी, तीही गजांची, खाली रस्ता. कोपऱ्यावरच्या दुकानाचं शटर अर्धं वर गेलं होतं. रस्त्यात लख्ख ऊन होतं. अशा उन्हात माणसाला भीती वाटत नाही, असं म्हणून तिने हेडफोन घातले.

सुरुवातीला जे हवं तेच होतं. पंख्याची घरघर. पलंगाची कुरकुर. आणि अण्णा. श्वास ओढला जाई, वर कुठेतरी अडे, ऐकणाऱ्याचाही अडे, आणि मग सुस्कारा टाकत सुटे. ताईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. कितीतरी वेळ ती तशीच ऐकत राहिली.

मग तिने बाण धरून पट्टीच्या शेवटाकडे नेला.

पंखा. तो असणारच. टाइप करण्याचा आवाज. माणूस स्वतःची चाल ओळखतो तसं ताईने स्वतःचं टाइप करणं ओळखलं. तिची डाव्या हाताची करंगळी जरा जोरात पडायची. मग दाराची घंटा. दार उघडल्याचा आवाज, पावलं, पिशवी टेकवल्याचा आवाज.

"डिस्क म्हातारी झालीय, ताई. आज आहे, उद्या नाही."

ताई हलली नाही. ऐकताना हलायचं नाही, ही धंद्याची सवय.

कॉम्प्युटरवाला बोलत होता, गोदाम, भाडं, आग. त्याच्या बोलण्याच्या खाली, पाण्याखाली वाळू सरकावी तसा तो श्वास चालू होता. ओढला जाई, अडे, सुटे. विहिरीचा विनोद आला. आणि त्याच्या हसण्याच्या मधोमध, अगदी जवळून, पलंग जिथे असायचा तिथून:

"आहेस का गं?"

एका बाईचा आवाज म्हणाला, "आहे."

ताईने हेडफोन ओरबाडून काढले.

५

"बिनमाइकचं रेकॉर्डिंग म्हणजे बिनगाईचं दूध, ताई," कॉम्प्युटरवाला म्हणाला. ताईने निरोप धाडताच तो आला होता, हातातलं काम टाकून. पण आज तो मांडी घालून बसला नाही, दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला. "एकावर एक आवाज चढले असतील. जुनं आणि नवं मिसळलं असेल. म्हाताऱ्या डिस्का असे खेळ करतात."

"नवं तरी कुठून आलं?"

त्याने डोकं खाजवलं.

ताईने दुसरं विचारलं. हे विचारायला तिला धीर गोळा करावा लागला. "परवा तुम्ही इथे बोलत होतात ना, तेव्हा मी मध्ये काही म्हणाले का?"

"तुम्ही?" तो आठवू लागला. "हो की. ‘आहे’ म्हणालात. दोन-तीनदा. मला वाटलं, माझ्या बोलण्याला मान डोलावताय. म्हटलं, बाईमाणूस असून किती लक्ष देऊन ऐकतात."

वर्षानुवर्षांची सवय, ताईने मनाशी म्हटलं. विधवा बाई दोन ताटं वाढून बसते, तसंच हे. जिभेला वळण लागलंय. यात घाबरण्यासारखं काय? विचारणारा कुणी नसला तरी उत्तर देणारी आपली देतेय.

पण विचारणाराही तिने ऐकला होता.

कॉम्प्युटरवाला तिच्याकडे बघत होता. त्याचा चेहरा चमत्कारिक झाला होता.

"ताई," तो हळू म्हणाला, "आत्ताही म्हणालात."

६

तिने फाइल पुसून टाकायचा प्रयत्न केला. ‘ही फाइल सध्या वापरात आहे.’ तेव्हा तिने कॉम्प्युटरवाल्यालाच सांगितलं, डिस्क उपटून काढा, तुमच्या दुकानात न्या, बाकीचं सगळं उतरवून घ्या आणि ही मोडून टाका. त्याला तेच हवं होतं. त्या खोलीतून तो इतक्या घाईने निघाला की बिस्किटांचा पुडा विसरला.

दुसऱ्या दिवशी ती दुकानात गेली तेव्हा तो पूर्वीसारखा हसतमुख होता. टेबलावर डिस्कचे तुकडे पडले होते, आरशासारखे चकचकीत.

"झालं बघा काम! दुकानात एकदाही अडली नाही. सगळ्या फाइली नव्या डिस्कवर आल्या, ती तुमची सुद्धा. मोडण्याआधी दोन्ही डिस्का शेजारी ठेवून तपासल्या. रतीभर फरक नाही. मीच गोंधळलो, मूळ कुठली नि कॉपी कुठली. स्टिकर लावला म्हणून कळलं."

"तीसुद्धा?" ताई म्हणाली. "बाकीचं उतरवा म्हटलं होतं मी. कुठे आहे ती कॉपी?"

"पाठवली की. तुमच्या भावाकडे, कालच. घराबाहेरची कॉपी. तुम्हीच पत्ता दिला होतात."

ताई स्टुलावर बसली. त्याने पाणी आणलं. पाणी पिताना तिने त्याला विचारलं, मी काही बोलतेय का? तो म्हणाला, नाही. आणि तिला जरा बरं वाटलं. दुकानात नाही. म्हणजे ते त्या खोलीतच आहे, आणि ती खोली रविवारी सुटणार आहे.

शनिवारी छोटूचा फोन आला. आवाजात उत्साह मावत नव्हता.

"ताई, डिस्क पोचली. तुझ्या खोलीत टेबल लावलंय ना, तिथेच माझ्या लॅपटॉपला जोडून बघितली. चालतेय. पडदे पण लावले. आणि गंमत सांगू? तू आधीच येऊन बसलीयस असं वाटतंय. सकाळी दारावरून जाताना तुझा आवाज आल्यासारखा झाला. म्हटलं, चला, आपलंही वय झालं."

"छोटू, ती डिस्क काढ."

"अगं, काय झालं?"

"काढ म्हणते ना! आत्ता. माझ्यासमोर."

तो कुरकुरत आत गेला. चपला, दार, वायर ओढल्याचा आवाज. "काढली बाई. आता?"

"आता गप्प उभा राहा. काही ऐकू येतंय?"

फोनमध्ये शांतता पसरली. ताई कान देऊन ऐकत होती. इकडे खोलीत पंखा बंद होता, रस्ता शांत होता.

"नाही," छोटू म्हणाला. "तू बोलतेयस तेवढंच."

"मी काय बोलतेय?"

"‘आहे, आहे’ म्हणतेयस. सारखी. कुणाला म्हणतेयस? कुणी आलंय का तिकडे?"

ताईने ओठांवर बोट ठेवून पाहिलं. ओठ घट्ट मिटलेले होते.

७

रविवारी सामान सकाळीच गेलं. घर इतकं रिकामं झालं की पाऊल टाकलं तरी ते दुसऱ्या खोलीत वाजायचं. छोटू निघाल्याचं कळलं होतं, जेवायच्या आत पोचणार होता. ताईची पिशवी बाहेरच्या खोलीत, दाराशी तयार होती. तिला फक्त तिथे उभं राहायचं होतं. तेवढंच काम होतं.

पण तिचा पाय निघेना. छोटूच्या घरातल्या त्या रंगवलेल्या खोलीत हे बरोबर घेऊन जायचं का? जन्मभर दुसऱ्या भिंतींना ‘आहे, आहे’ म्हणत बसायचं? एकदा काय ते कळायला हवं. ती तिची जीभ होती की आणखी काही?

तिने पाण्याची बाटली उघडली आणि तोंड गच्च भरून घेतलं. गाल फुगले. तोंडात पाणी असताना माणसाला बोलता येत नाही, हे शेंबड्या पोरालाही कळतं. आपण बोललो नाही आणि खोलीही बोलली नाही, तर सगळा सवयीचा खेळ. मग पाणी थुंकून टाकायचं आणि चालू लागायचं.

ती अण्णांच्या खोलीत गेली आणि भिंतीला पाठ लावून उभी राहिली. टेबल नव्हतं, खुर्ची नव्हती, एक वायर नव्हती. उन्हाचा चौकोन जमिनीवर पडला होता, गजांच्या सावल्यांसकट. नाकाने श्वास घेत ती थांबली. काही नाही. आणखी थांबली. काही नाही. पाणी तोंडात कोमट होत गेलं. खाली गाडीचं दार वाजलं. जिन्यात पावलं आली, छोटूची, एक पायरी गाळून चढणारी. तिच्या छातीवरचं ओझं उतरू लागलं.

पुढचं दार उघडलं.

"ताई! झालं का गं?"

ताई पाणी गिळणार, तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून तिचा आवाज म्हणाला, "झालं रे. कधीची उभी आहे."

पाणी खालीही जाईना, वरही येईना.

दार अर्धवट लोटलेलं होतं. फटीतून बाहेरच्या खोलीचा एक पट्टा दिसत होता. त्या पट्ट्यात एक हात आला आणि त्याने पिशवी उचलली. करंगळी जरा बाहेर वळलेली, टाइप करून करून वाकलेली.

"सगळं बघितलंस ना? आतल्या खोलीत काही राहिलं?"

"काही नाही," तिचा आवाज म्हणाला. "चल."

पावलं. दोघांची. दार ओढलं गेलं. किल्ली एकदा फिरली, मग दुसऱ्यांदा.

पाणी अंगावर सांडत, खोकत, ताई बाहेरच्या खोलीत धावली. दार हलेना. तिने मुठी आपटल्या. "छोटू! अरे छोटू!" जिन्यातली पावलं उतरत राहिली. त्यातलं एकही अडखळलं नाही. छोटूचं बोलणं ऐकू आलं आणि त्याला हसून उत्तर देणारी ती.

रस्त्यावर उघडणारी खिडकी आतच होती, त्या एकाच खोलीत. ताई परत आत गेली. गज धरून ओरडली. खाली छोटू गाडीचं दार उघडून अदबीने उभा होता, लहानपणी चिडवायला करायचा तसा. ती बाई आत बसण्यापूर्वी थांबली. तिने वर पाहिलं, सोडून चाललेल्या घराकडे बघावं तसं, एकदाच. तो चेहरा ताईचाच होता. पण इतका हलका, इतका मोकळा चेहरा तिला आरशात कधी दिसला नव्हता. तिची नजर खिडकीवरून फिरली, ताईवरून फिरली, कुठेच न अडता खाली आली. मग ती गाडीत बसली.

गाडी कोपऱ्यावरून वळली. कोपऱ्यावरच्या दुकानाचं शटर खाली आलं. ताई गजांना कपाळ टेकून उभी राहिली. ओरडून ओरडून आवाज बसला होता आणि आता सगळं इतकं शांत झालं होतं की तिचे तिखट कान आपोआप मागच्या बाजूला लागले.

तिच्या पाठीमागे, रिकाम्या खोलीत, कुणीतरी कुशीवर वळलं.